‘वयाच्या अवघ्या’

हुशार मुलाची मराठी बातमी न उघडताही तिचं पहिलं वाक्य सांगता येतं. ते ‘वयाच्या अवघ्या’ इथून सुरू होतं. मग एक आकडा, मग परीक्षेचं नाव, मग फोटो. फोटोत मूल मध्ये, आईवडील दोन बाजूंना, पेढा तोंडापर्यंत आणलेला. बातमी फॅमिली ग्रुपवर येते, खाली टाळ्यांचे इमोजी पडतात, आणि ज्यांच्या घरी त्याच वयाचं मूल आहे ते त्या रात्री जरा गप्प जेवतात.

हे वाक्य मला आता एक साहित्यप्रकार वाटायला लागलंय. त्याची रचना ठरलेली, नायक ठरलेला, वाचकाला काय वाटायला हवं तेही ठरलेलं. मग ते साहित्यासारखंच वाचून बघूया. काय सांगितलंय, काय गाळलंय?

आधी ‘अवघ्या’ हा शब्द घ्या. जुन्या मराठीत अवघा म्हणजे सगळा, संपूर्ण. वारकऱ्यांच्या तोंडी तो अजून त्याच अर्थानं येतो. बातमीत मात्र तो ‘फक्त’ एवढाच उरलाय. सगळं सांगणारा शब्द जेमतेम सांगायला लागला. बातमीतल्या मुलाचंही तसंच होतं. त्याला काय आवडतं, त्याला कुणी शिकवलं, ते कुठे अडलं, हे सगळं गळून जातं आणि वय तेवढं राहतं.

शिवथरच्या बाजूचा एक प्रश्न

मी महाडात सातवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. काही मुलं बिरवाडीच्या पुढून, शिवथरच्या बाजूनं येतात. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावं सह्याद्रीच्या पायथ्याला चिकटून आहेत. पावसाळ्यात धबधबा आणि घळ बघायला येणाऱ्यांच्या गाड्या दिसतात, एरवी एसटीची वाट बघत उभं राहायचं.

त्यातली एक मुलगी सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं भावाचं दहावीचं गणिताचं पुस्तक संपवलं. वर्गसमीकरणं ती सोडवते, पण तशी सोडवणारी मुलं मी आधीही पाहिली होती. ती वेगळी आहे हे मला कळलं ते तिच्या एका प्रश्नावरून. ‘‘बाई, वजा एकाचं वर्गमूळ नसतं असं म्हणतात. नसतं म्हणजे अजून कुणाला सापडलं नाही, की असूच शकत नाही?’’ दहावीच्या पुस्तकाला हा प्रश्न पडत नाही. अकरावीच्या पुस्तकात त्याचं उत्तर येतं, तेही कुणी विचारलेलं नसताना.

तिचे वडील एमआयडीसीत कंत्राटावर आहेत. एकदा सुट्टीच्या दिवशी ते आले आणि म्हणाले, ‘‘बाई, हिला यंदाच दहावीला बसवता येईल काय? पेपरात तसल्या पोरांचं वाचतो आम्ही.’’

नियमाचं उत्तर सोपं होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बाहेरून दहावी द्यायची म्हटली तरी १४ वर्षं पूर्ण लागतात. पुढे नीटला १७. म्हणजे ‘येणार नाही’ एवढं सांगून मी मोकळी झाले असते. पण नियमानं फक्त दहावीचा प्रश्न मिटतो. बाकीची तीन वर्षं या मुलीनं वर्गात बसून काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो. आणि वडिलांनी जे विचारलं त्यामागे हावरेपणा नव्हता. हुशार मुलीचं काय करतात, हे त्यांना ज्या एकाच मजकुरातून कळलं होतं, तो मजकूर म्हणजे ते वाक्य. त्यामुळे त्या वाक्याशी मला नीट भांडणं भाग आहे.

मोजपट्टी आणि ट्रॉफी

लवकर परीक्षा देण्याची कल्पना मूर्ख नाही. ती पद्धतशीरपणे वापरली गेली ती अमेरिकेत, बाल्टिमोरला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ साली गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. मार्च १९७२ मध्ये त्यांनी आसपासच्या शाळांतल्या, बहुतेक सातवी-आठवीतल्या, सुमारे ४५० मुलांना सॅटचा गणिताचा पेपर दिला. सॅट ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा. ती साधारण १७ वर्षांची मुलं देतात.

हे कशासाठी? समजा, सातवीच्या पेपरात दोन मुलींना १०० पैकी १०० पडले. एक जेमतेम तिथवर पोचलीय. दुसरी तिथून कितीतरी पुढे गेलीय. पेपर दोघींना सारखंच म्हणतो, कारण पेपरच तिथे संपतो. फूटपट्टी एक फुटाची असेल तर चार फुटांची आणि सहा फुटांची वस्तू तिच्या लेखी एकच. स्टॅनलींनी लांब पट्टी आणली. मुलांना कॉलेजची पदवी बारा वर्षांची असताना मिळावी म्हणून नाही; कुणाला उद्यापासून काय शिकवायला घ्यायचं, हे कळावं म्हणून.

पुढची कित्येक दशकं या मुलांचा माग ठेवला गेला. ज्यांनी एखादी इयत्ता गाळली त्यांचं एकंदरीत नुकसान झालेलं दिसलं नाही. विज्ञान-गणितातले शोधनिबंध, डॉक्टरेट, पेटंट यांत ती मुलं तशाच हुशार पण इयत्ता न गाळलेल्या मुलांच्या पुढेच होती. ‘मुलांचं बालपण हरवतं’ असं म्हणून हा विषय झटकणाऱ्यांनी हे वाचायला हवं. रोज माहीत असलेलंच ऐकत बसणं, हेही एक प्रकारे बालपण हरवणंच आहे.

मग भांडण कशाशी? मोजपट्टीची ट्रॉफी होते, त्याच्याशी. बाल्टिमोरच्या परीक्षेनंतर खरं काम सुरू व्हायचं. आपल्या बातमीत परीक्षेपाशी सगळं संपतं. ‘वयाच्या अवघ्या’ वाक्याला उद्या नसतो.

उद्या आलाच, तर त्याला दोनच रंग. बिहारच्या तथागत अवतार तुलसींनी नवव्या वर्षी दहावी केली, बाराव्या वर्षी एम.एस्सी. सगळ्या देशानं त्यांचं वय पाठ केलं. २०१० साली ते आयआयटी मुंबईत शिकवायला आले. आजारपणाच्या लांब रजेनंतर २०१९ मध्ये त्यांची नोकरी गेली. लगेच तीच पानं हळहळली: बघा, लवकर पिकलं की असं होतं. आजारपण ही लवकर दिलेल्या परीक्षेची शिक्षा नव्हे. पण या साहित्यप्रकाराला चमत्कार आणि ऱ्हास एवढेच दोन शेवट ठाऊक आहेत. माणसानं आजारी पडणं, बरं होणं, काहीतरी साधंसं करत राहणं, हे त्यात बसत नाही.

बनारसचा फळा

या वाक्याच्या बाहेर राहून हुशार मुलाची गोष्ट सांगता येते का? मराठीत एका पुस्तकानं ती सांगितलीय. जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’. २०१४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चार नगरं म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे.

पुरस्कार, रँग्लरपणा, फ्रेड हॉईल यांच्याबरोबरचं संशोधन, हे सगळं त्यांच्या आयुष्यात आहेच. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बनारसच्या घरातलं एक दृश्य. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात मुलांना लिहायला फळे. आईचे धाकटे भाऊ मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, एम.एस्सी.साठी त्यांच्याकडे राहायला आले. त्यांनी फळ्यावर एक गणित लिहायला सुरुवात केली, वर भाच्याच्या नावाची आद्याक्षरं घालून: हे तुझ्यासाठी आव्हान. गणित सुटेपर्यंत, किंवा भाचा हरलो म्हणेपर्यंत, फळा पुसला जायचा नाही. गणितं शाळेच्या पुस्तकातली नसायची.

समीक्षक म्हणून या दृश्यात मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, अडण्याला इथे जागा आहे. ‘वयाच्या अवघ्या’ वाक्यातलं मूल कधीच अडत नाही. या मुलाला हरलो म्हणायची परवानगी आहे, आणि ते म्हटलेलं लेखक पुढे मोठा शास्त्रज्ञ झाल्यावरही लपवत नाही. दुसरी, वेळ. परीक्षेला तीन तास असतात, फळ्याला नसतात. गणित जाता-येता दिसत राहतं, जेवतानाही डोक्यात राहतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फळ्यापाशी दुसरं माणूस आहे. या मुलाला आज काय अवघड जाईल, याचा रोज विचार करणारं.

आणि हो, त्या घरात गणिताचा प्राध्यापक होता, संस्कृत जाणणारी आई होती, एम.एस्सी. करणारा मामा होता. शिवथरच्या वाडीत मामा भातलावणीला असतो. नारळीकरांचं पुस्तक त्या घराचं ऋण मानतं, पण असं घर नसलेल्या मुलाला फळा कोण देणार, हा प्रश्न ते विचारत नाही. आत्मचरित्रानं तो विचारायला हवा असंही नाही. वाचणाऱ्यांनी तरी विचारावा.

अलीकडचं उदाहरण मुंबईच्या मालविका राज जोशींचं. ‘दहावी-बारावी न होता एमआयटीत’ अशी ती बातमी २०१६ साली गाजली. ती पुन्हा वाचा, मथळ्याच्या खालचं. सातवीत त्यांनी शाळा सोडली. आईनं नोकरी सोडून घरी अभ्यासक्रम आखला. मुलगी प्रोग्रॅमिंगकडे वळली आणि आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीचं दार बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं मात्र तिचं ज्ञान बघून थेट एम.एस्सी.च्या पातळीवर घेतलं. म्हणजे मथळा सांगतो की हिनं परीक्षा टाळल्या. मजकूर सांगतो की हिनं जास्त अवघड परीक्षा दिल्या, आणि घरातल्या एका बाईनं आपली नोकरी सोडून दिली. ती नोकरी मथळ्यात येत नाही.

घळीत लिहिलेला ग्रंथ

आपल्याकडे या वाक्याचं मूळ थेट ज्ञानेश्वरांपर्यंत नेतात. पंधराव्या वर्षी ज्ञानेश्वरी, एकविसाव्या वर्षी समाधी. शाळेच्या भाषणात दुसरं काही आलं नाही तरी हे दोन आकडे येतात. पण ज्ञानेश्वरी उघडून बघा. तिचा कर्ता पानोपानी निवृत्तिनाथांचं नाव घेतो, म्हणजे स्वतःच्याच थोरल्या भावाचं, जो गुरूही आहे. तो स्वतःला लेकरू म्हणवतो, तेही विक्रमासाठी नाही. श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं म्हणून लाडानं. वयाचं कौतुक आपण बाहेरून चिकटवलेलं आहे. ग्रंथाला त्याच्या फळ्याची आठवण आहे, आपल्याला नाही.

आता शिवथर. परंपरा असं सांगते की समर्थ रामदासांनी १६५४ साली इथल्या घळीत दासबोध सांगायला घेतला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला. विसरलेली ही जागा धुळ्याच्या शंकर कृष्ण देवांनी १९३० साली पुन्हा शोधून काढली. रामदासांचा जन्म १६०८ चा. म्हणजे दासबोध सेहेचाळिशीतल्या माणसाचं काम. कुठलीही बातमी ‘वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी’ अशी सुरू होणार नाही. पण मराठीत ज्ञानेश्वरीच्या शेजारी दासबोध ठेवतातच. म्हणजे कुणी किती लवकर लिहिलं, यावर आपली भाषा माणसं तोलत नाही. बातम्या तोलतात.

दासबोधात दुसऱ्या दशकाचा दहावा समास पढतमूर्खाचा आहे. पढतमूर्ख म्हणजे शिकलेला, बहुश्रुत, बोलायला पक्का, पण शिकलेलं अंगी न लागलेला आणि त्याचा ताठा मात्र असलेला. तो समास मुलांबद्दल नाही हे कबूल. तरी क्लासच्या धंद्यात राहून मी तो वाचते तेव्हा मला रोजचे चेहरे दिसतात. सहावीत अकरावीची सूत्रं म्हणून दाखवणारी, पण ‘हे असं का?’ म्हटल्यावर आईकडे बघणारी मुलं. यात दोष मुलांचा नाही. त्यांना पुढचं पान दिलं गेलं, प्रश्न दिला गेला नाही. त्याच समासात, सबंध ग्रंथ न बघता नुसते दोष काढणाराही पढतमूर्खांच्या यादीत आहे. समीक्षा लिहिणाऱ्यांनी ते पान घडी घालून ठेवावं.

आणि सबंध ग्रंथ बघायचा तर एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासही बघावा लागतो. तो लेखनक्रियेचा. अक्षर कसं वळणदार असावं, ओळीत अंतर कसं असावं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हात कसा एकच वाटावा, हे इतक्या प्रेमानं मराठीत क्वचितच कुणी सांगितलं असेल. पण सुरुवातीलाच तो कुणाला सांगितलाय ते येतं: ब्राह्मणाला. ज्या डोंगराखाली हे सांगितलं गेलं, तिथल्या बाकीच्या पोरांच्या हातात बोरू येणार नव्हता.

त्यामुळे महाड तालुक्यात बसून हुशार मुलांबद्दल लिहिताना फक्त घळीत थांबता येत नाही, खाली चवदार तळ्यापर्यंत यावं लागतं. २० मार्च १९२७ ला तिथे पाणी प्यायलेले डॉ. आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, सोळाव्या वर्षी. वयात काही विक्रम नाही. पण त्या गोष्टीत एक फळा आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेला पडला. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. मॅट्रिक झाल्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांच्या मदतीसाठी शब्द टाकला. ते पुस्तक कुठल्याच इयत्तेच्या अभ्यासक्रमात नव्हतं. कुठल्या परीक्षेनं त्या मुलाला इतक्या पुढचं काही दिलं असतं?

मग सातवीतल्या मुलीचं काय

आपल्याकडे सोयी अगदीच नाहीत असं नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी १९६२ साली सुरू झाली आणि १९६९ साली तिनं प्रज्ञावंत मुलांची शाळा काढली. नवोदय विद्यालयांत ग्रामीण मुलांसाठी किमान ७५ टक्के जागा असतात. रायगडचं नवोदय शेजारच्या माणगाव तालुक्यात, निजामपूरला आहे. तिथे सहावीत प्रवेश होतो आणि रिकाम्या जागांसाठी नववीत पुन्हा परीक्षा असते. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा असते, आठवीत एनएमएमएस असते. एनएमएमएस मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. गणिताचं ऑलिम्पियाडही आहे. तिथे लागणारं गणित बहुतेक शाळेतलंच, पण प्रश्न असा की दोन तास एका ओळीकडे बघत बसावं. पुढच्या इयत्तेत न जाताही किती खोल जाता येतं, हे त्या प्रश्नांवरून कळतं.

वडिलांना मी हे सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांना थोडं हलकंही वाटलं आणि थोडं वाईटही. हलकं यासाठी की काहीतरी करता येतं. वाईट यासाठी की यातल्या एकाचाही फोटो पेपरात येत नाही. ते तसं म्हणाले नाहीत, पण कागदाची घडी घालायला त्यांनी वेळ घेतला. त्यांच्यासारख्या माणसाला पेपरातला फोटो कशासाठी हवा असतो, हे मला कळतं. मुलीला पुढे शिकवायचं की लग्नाचं बघायचं, या घरातल्या वादात तो फोटो साक्षीदार म्हणून उभा करता येतो. ‘बालपण जपा’ म्हणणाऱ्या शहरी लेखांना हे दिसत नाही. मोठ्या परीक्षेचा कागद गरीब घरात ढालीसारखा लागतो. म्हणून मी वडिलांना ‘परीक्षांच्या मागे लागू नका’ असं सांगणार नाही. शिष्यवृत्तीच्या दोन्ही परीक्षा तिनं द्याव्यात, आणि बक्षीस मिळालं तर पेढेही वाटावेत.

पण परीक्षा वर्षातून एकदा येते. मधल्या दिवसांसाठी मी दर सोमवारी वडिलांच्या फोनवर एक गणित पाठवते. वर तिचं नाव असतं. उत्तर आलं नाही तर पुढचं गणित येत नाही. सध्या एक गणित तिसऱ्या आठवड्यात गेलंय. दोनदा तिनं उत्तर पाठवलं, दोन्ही वेळा चुकीचं, आणि दोन्ही वेळा मला त्यातून तिच्याबद्दल असं काही कळलं जे कुठल्याही गुणपत्रिकेत छापलं गेलं नसतं. वजा एकाच्या वर्गमुळाचं उत्तर मी अजून सांगितलेलं नाही. ‘असूच शकत नाही’ आणि ‘आपण अजून घडवलेलं नाही’ यांत काय फरक आहे, एवढंच उलट विचारलंय.

शिवथर ते बनारस अंतर मोठं आहे, आणि सोमवारचं एक गणित म्हणजे मोरूमामा नव्हे. रोज फळ्यापाशी उभं राहणारं माणूस प्रत्येक शाळेत हवं, ते पगारी हवं, आणि त्याच्याकडे चाळीस मुलांच्या वर्गाबाहेरचा एक तास हवा. हे मागणं कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही. लहान वयाचा एक चमत्कार छापणं त्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

पुढच्या वेळी ग्रुपवर ‘वयाच्या अवघ्या’ आलं तर टाळी जरूर द्या. मुलानं मेहनत केलेली असते. पण खाली एक प्रश्नही टाका: याला शिकवलं कुणी, आणि आता पुढे काय शिकवतायत? उत्तर आलं, तर ‘अवघ्या’ या शब्दाचा जुना अर्थ निदान त्या एका धाग्यात परत आला असेल.